टपालाने पापनिवेदन होत नाही

२ फेब्रुवारी

टेकडीवरच्या चर्चच्या माता-भगिनींनो आणि बांधवांनो,

एकोणीस महिने झाले, आपल्या चर्चला धर्मगुरू नाही. धर्मगुरूंच्या घराला कुलूप आहे आणि कुलपाला गंज. महिन्यातून एका रविवारी शेजारच्या गावचे फादर मोटारसायकलवरून येतात, चाळीस मिनिटांत मिस्सा आटोपतात आणि एका हाताने हेल्मेट शोधत दुसऱ्या हाताने आशीर्वाद देतात. त्यांचा दोष नाही. त्यांच्या गळ्यात अशी चार चर्च बांधली आहेत.

आपल्याकडे बाळाच्या बाप्तिस्म्याला तारीख मिळेपर्यंत बाळ चालायला लागतं, आणि बाप्तिस्म्याच्या दिवशी पळून जातं. लग्न ठरलेली माणसं मुहूर्ताऐवजी मोटारसायकलचं वेळापत्रक बघतात. मरणाऱ्याला मात्र तारीख घेता येत नाही.

कुणी शहाणा म्हणेल, देव काय फक्त फादरांच्या हातून येतो? येत असेल कुठूनही. पण आपण माणसं आहोत. आपल्याला डोक्यावर पडलेलं पाणी कळतं, कपाळाला लागलेलं तेल कळतं, जिभेवर ठेवलेला प्रसाद कळतो. नुसत्या विचारांवर आपलं भागलं असतं, तर देवाने आपल्याला अंग कशाला दिलं असतं?

माझे वडील तेवीस वर्षांपूर्वी, मरणाआधी फादर कपाळाला लावतात ते तेल न लागता गेले. तेव्हा धर्मगुरू होते, पण ऐन वेळी घरी नव्हते. मी त्यांचं दार वाजवून वाजवून परत आलो, हे जुन्या लोकांना आठवत असेल. आज आपली म्हातारी माणसं त्याच वाटेवर आहेत, आणि दाराआड कुणी नसणार हे आता आधीच ठरलेलं आहे.

बिशप कार्यालयाला द्यायचा अर्ज माझ्या ताईच्या टेलरिंगच्या दुकानात ठेवला आहे. जा आणि सही करा.

तुमचा,
सिमेंट कामगार संघाचा सरचिटणीस
(तुम्ही ज्याला भोंगा म्हणता तो)

---

२१ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

तुझं पत्रक रविवारच्या प्रार्थनेनंतर मी वाचून दाखवलं. बाया रडल्या. बेकरीवालाही रडला. तो आपल्या धर्माचा नाही, पाव पोचवायला आला होता. रडून झाल्यावर त्याने सही केली. मी ती खोडली.

सह्या चारशे बारा झाल्या. त्यातल्या दोन वायरमनच्या आहेत, वेगवेगळ्या अक्षरांत. विचारलं तर म्हणाला, एक माझी आणि एक भावाची. त्याचा भाऊ मागच्या आठवड्यात गेला, फादरांची वाट बघत. मेलेल्या माणसाची सही चालत नाही असं म्हणणार होते, पण सगळ्या अर्जात फादरांची खरी गरज त्यालाच होती. राहू दिली.

आईचं हृदय आता मनात आलं तर चालतं. डॉक्टर म्हणाले, दगदग नको, उत्तेजन नको. ती दिवसभर खिडकीजवळ पडून असते आणि एकच सांगते: तेल लागल्याशिवाय मी जाणार नाही. डॉक्टरांना वाटतं तिला डोक्याला तेल लावून हवंय. त्यांनी खोबरेल सुचवलं.

तुझं पत्रक तिलाही वाचून दाखवलं. बाबांचा भाग आला तशी ती भिंतीकडे वळली. एवढी वर्षं झाली तरी तिला ते ऐकवत नाही.

आणि एक. लोकांना फादर मिळवून द्यायला निघालास, चांगलं आहे. तू स्वतः शेवटचं कन्फेशन कधी केलंस? तेवीस वर्षांत तू ह्या चर्चमध्ये फक्त लग्नांना आलास, आणि तेही जेवणाच्या वेळी. टोमणा नाही, चौकशी आहे.

अर्ज रजिस्टर टपालाने पाठवला.

तुझी ताई

---

१४ मार्च

बिशप कार्यालय

चर्चच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या भगिनींस, प्रत: अर्जलेखकांस

आपला अर्ज मिळाला. 'चारशे बारा आत्मे संस्कारांविना उपाशी' हे वाक्य बिशपांनी दोनदा वाचलं.

आपल्याकडे सध्या चौदा चर्च आणि पाच धर्मगुरू आहेत. त्यातल्या एकाचा गुडघा बदलायचा आहे. मागे एका चर्चच्या सहाशे सह्यांवरून आम्ही कायमचे धर्मगुरू दिले. त्या चर्चमधून वर्षभरात पापनिवेदनाला सात माणसं आली. त्यातले दोघे रस्ता चुकून आत शिरले होते. म्हणून आता आम्ही सह्या मोजत नाही.

६ एप्रिलपासून सहा शनिवार एक निवृत्त धर्मगुरू आपल्याकडे येतील. चार ते पाच ते पापनिवेदन ऐकतील, मग मिस्सा होईल. कुणी गंभीर आजारी असेल तर घरी जाऊन तैलाभ्यंगाचा संस्कार देतील. लोक खरोखर येतात असं दिसलं तर कायमच्या नेमणुकीचा विचार होईल. न आल्यास आपलं चर्च शेजारच्या चर्चला जोडण्यात येईल.

हे धर्मगुरू तेवीस वर्षांपूर्वी आपल्याकडेच होते. ही जबाबदारी त्यांनी स्वतःहून मागून घेतली आहे.

कार्यालय सचिव

---

१७ मार्च

प्रिय ताई,

कार्यालयाचं पत्र वाचलं असशील. हे चालणार नाही. त्या माणसाविरुद्ध आपणच तीनशे सह्यांचा अर्ज केला होता, मीच लिहिला होता, आणि त्यावरूनच त्याची बदली झाली. आता त्यालाच परत पाठवायचं म्हणजे गावाच्या जखमेवर मीठ आहे. तू कळव की दुसरे कुणीही द्या. गुडघावाले दिले तरी चालतील.

आईला ह्यातलं काही सांगू नकोस. डॉक्टरांनी उत्तेजन नको म्हटलंय.

कन्फेशनचं विचारलंस. मी दररोज हजार माणसांसमोर उभा राहून मनातलं बोलतो. माझं लपलेलं काय राहणार?

तुझा भाऊ

---

७ एप्रिल

प्रिय भोंग्या,

कार्यालयाला फोन केला. सचिव म्हणाले, हे घ्या, नाहीतर कुणीच नाही. घेतले.

काल पहिला शनिवार. फादर बसमधून उतरले. केस गेलेत, कंबर वाकलीय, हातात एक बॅग. मी किल्ली घेऊन उभी होते. नमस्कार केला, कारण तो करावा लागतो. चार वाजता ते कन्फेशनच्या पेटीत जाऊन बसले, पाचला बाहेर आले. मध्ये कुणी आलं नाही. मी बाकावर बसून मेणबत्तीच्या समया घासत होते, त्या आरशासारख्या झाल्या. चर्चच्या ओट्यावर मात्र साठेक माणसं होती, आत कोण जातंय ते बघायला. मटणवाल्याची बायको म्हणाली, मरणाऱ्याला ज्याने दार उघडलं नाही, त्याच्यासमोर मी माझी पापं उघडू होय? सगळ्यांनी माना डोलावल्या. एका परीने तुझंच पत्रक आहे ते, तिच्या भाषेत.

मिस्सेला बावीस माणसं होती. त्यातली चार झोपली.

नंतर त्यांना चहा दिला. बिनसाखरेचा, मुद्दाम. ते घोट घोट प्यायला लागले. मग माझ्याच्याने राहवलं नाही. विचारलं, त्या दिवशी तुम्ही कुठे होतात? म्हणाले, घरीच होतो. पावसाने फुगलेला दरवाजा लागत नव्हता, म्हणून तो उतरवून भिंतीला टेकवला होता आणि दिवसभर नवे बिजागर बसवत होतो. संध्याकाळपर्यंत घराला दारच नव्हतं. तेव्हाही हेच सांगितलं, पण लोकांना ती थट्टा वाटली.

निर्लज्जपणा बघ. तुझे हात दार बडवून बडवून सुजले आणि हे म्हणतात दारच नव्हतं. मी कप उचलला आणि आत गेले. अर्धा चहा शिल्लक होता.

आईला सांगितलं नव्हतं, पण ओट्यावरचं सगळं खिडकीतून आत येतंच. तिने फक्त विचारलं, फादर थकलेत का ग?

तुझी ताई

---

१० एप्रिल

प्रिय ताई,

जुन्या गोष्टी उकरून काय मिळणार? म्हाताऱ्या माणसाला काय आठवतं आणि काय नाही, ह्यावरून वाद नको. त्यांना तू पुन्हा काही विचारू नकोस. चहाही देऊ नकोस, म्हणजे बोलणं व्हायचं नाही.

माझे हात सुजले होते असं मी कधी म्हटल्याचं आठवत नाही. लोक वाढवून सांगतात.

लोकांनी जावं म्हणून मी आणखी एक पत्रक लिहून पाठवतोय. व्यक्ती बघू नका, संस्कार बघा, असा मुद्दा आहे. पाणी कुणी ओतलं ह्यावर पाण्याचा ओलेपणा ठरत नाही, असं एक वाक्य जमलंय. मोठ्याने वाच.

तुझा भाऊ

---

१४ एप्रिल

प्रिय भोंग्या,

पत्रक वाचलं, मोठ्याने. वाक्य सगळ्यांना आवडलं. आत कुणी गेलं नाही. मटणवाल्याची बायको म्हणाली, एवढं पटलंय तर भोंग्यालाच पहिला पाठवा, आम्ही मागे येतो. लोक हसले. मी हसले नाही, कारण ती बरोबर बोलत होती.

मी मात्र गेले. दुसरं कुणी जाईना, आणि पेटी रिकामी ठेवायची मला लाज वाटली. चहाचंही सांगितलं. काय म्हणाले ते तुला सांगणार नाही, ते माझं आहे. बाहेर आल्यावर पहिल्यांदा समया घासाव्याशा वाटल्या नाहीत.

आता ऐक. तू म्हणालास विचारू नकोस. मी विचारलं नाही, शोधलं. चर्चच्या दुरुस्त्यांची जुनी वही वेदीमागच्या कपाटात आहे, वर्षानुवर्षं तिथेच. म्हटलं, त्यांचं खोटं पकडावं. बाबा गेले त्या तारखेचं पान काढलं. तिथे लिहिलंय: 'धर्मगुरूंच्या घराचा दर्शनी दरवाजा उतरवला. बिजागर तीन, स्क्रू अठरा. दिवेलागणीला परत बसवला.' खाली सुतारमामांची सही आहे. सुतारमामा वारले त्याला वीस वर्षं झाली. शाई जुनी आहे. मी टेलर आहे, जुना धागा आणि नवा धागा मला कळतो.

बाबा पाच वाजता गेले. तू साडेचारला निघालास, सव्वापाचला आलास. फादरांचं घर सात मिनिटांवर.

म्हणजे तू दुसऱ्या कुठल्या तरी घराचं दार वाजवलंस का? घाईत माणूस चुकतो. तसं असेल तर कळव. मी वाट बघतेय.

ताई

---

१६ एप्रिल

आदरणीय फादर,

सोबत नऊ पानं जोडली आहेत. हे माझं पापनिवेदन आहे. कामामुळे मला प्रत्यक्ष येणं शक्य नाही. आपण वाचून पापक्षमा द्यावी आणि प्रायश्चित्त काय ते परतीच्या टपालाने कळवावं. कितीही कडक असलं तरी मी पार पाडीन. उत्तरासाठी तिकीट लावलेलं पाकीट सोबत आहे.

चर्चची पत्रं ज्या बाईंच्या दुकानाच्या पत्त्यावर येतात, त्या माझ्या भगिनी आहेत, म्हणून हे आपल्या राहत्या पत्त्यावर पाठवतोय. त्यांच्या हाती हे पडणार नाही अशी काळजी घ्यावी.

आपला,
सिमेंट कामगार संघाचा सरचिटणीस

---

१९ एप्रिल

प्रिय सरचिटणीस,

पाकीट मिळालं. पहिल्या पानावर 'पापनिवेदन' असा मथळा आणि त्याखाली दोन रेघा दिसल्या. तेवढं वाचून मी पानं पुन्हा पाकिटात घातली. ती आपण दिलेल्याच पाकिटातून परत पाठवतोय. तिकीट वाया गेलं नाही.

टपालाने पापनिवेदन होत नाही. हा नियम मी केलेला नाही, पण मला करायला सांगितला असता तर मी हाच केला असता.

पानं घालताना एवढं दिसलं की नऊ पानांत कुठे खाडाखोड नाही. म्हणजे ही पक्की प्रत आहे. माणूस समोर बसून बोलतो तेव्हा अडखळतो, मागे जातो, मध्येच गप्प होतो. मला त्या अडखळण्याशी काम आहे. सुंदर लिहिलेलं पाप वाचलं तर मला लेखकाचं कौतुक वाटेल, आणि ते दोघांच्याही उपयोगाचं नाही.

दुसरं म्हणजे, सातही संस्कारांत समोर कुणीतरी लागतं. बाळ स्वतःच्या डोक्यावर पाणी ओतून घेत नाही. आजारी माणूस स्वतःला तेल लावत नाही. मी पन्नास वर्षं लोकांना पापक्षमा देतोय, पण माझी मला देता येत नाही. दर पंधरा दिवसांनी बसने दुसऱ्या गावी जाऊन माझ्याहून वीस वर्षांनी लहान असलेल्या फादरांपुढे गुडघे टेकतो. ते कधीकधी घड्याळ बघतात. तरी जातो. आपलं आपल्याला जमत नाही, एवढं मान्य करायला देवाने ही जागा ठेवली आहे. हजारांपुढे उभं राहण्यापेक्षा एकापुढे गुडघे टेकणं अवघड असतं, हे मला माहीत आहे. मीही एके काळी बरं प्रवचन द्यायचो.

आपण कशाबद्दल लिहिलं असेल ह्याचा मी अंदाज करत नाही. अंदाज करायची खोड मला होती, ती मोडायला बदलीनंतरची बरीच वर्षं गेली. मी हे चर्च का मागून घेतलं असं तुमच्या ताईंनी विचारलं होतं. तेव्हा सामान बांधायला एकच दिवस मिळाला आणि कुणाचा निरोप घेता आला नाही. ते राहून गेलं होतं, म्हणून.

आणखी चार शनिवार आहेत, चार ते पाच. मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, डाव्या बाजूला बसावं. भाषणाच्या आवाजाची गरज नाही.

आपला,
फादर

---

२२ एप्रिल

प्रिय ताई,

उत्तराला उशीर झाला. अधिवेशन तोंडावर आलंय, पाहुणे उतरवायचेत, ठराव लिहायचेत. ह्या शनिवारी जमलं नाही, पुढच्याही जमेल असं दिसत नाही. त्यापुढे बघू.

दाराविषयी तू विचारलंस. अंधुक आठवतं. निवांत बोलू.

आईला जप.

तुझा भाऊ

---

२८ एप्रिल

भाऊ,

शुक्रवारी सकाळी आईच्या छातीत कळ आली. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं, आणि दाराशी येऊन म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा. मागच्या वेळी हेच शब्द दुसऱ्या डॉक्टरांनी म्हटले होते आणि तुला पाठवलं होतं. ह्या वेळी मी स्वतः चप्पल घातली.

मी आईला सांगितलं, मोटारसायकलवाल्या फादरांना फोन करते. ती म्हणाली, ते नकोत, ह्या शनिवारवाल्या फादरांना बोलव. मी म्हटलं, आई, ह्यांच्यामुळेच बाबा तसे गेले ना?

आई म्हणाली, "त्यांनी काही केलं नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला सिमेंटचे हात लागले होते. काखेत, पाठीवर, विजारीच्या मांड्यांवर. दार वाजवून असे ठसे उमटत नाहीत. माणसाला खांद्यावर उचलून घेतात तेव्हा उमटतात."

तेव्हा मला आठवलं. घरात बाबा तसेच होते, माणसं जमत होती, आणि आई मोरीत बसून तुझा सदरा धूत होती. मला वाटलं, दुःखाने हिचं डोकं फिरलं. मी तिच्या हातातून तो ओढायला गेले तर तिने माझ्या हातावर मारलं होतं.

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "त्या दिवशी नवरा गेला होता. आता मुलगा घालवायचा की फादर, एवढंच हातात होतं. मी फादर घालवले."

त्या अर्जावरची पहिली सही आईची आहे. तू लिहिलास, तिने सही केली, मी घरोघर फिरवला. आपलं घर असं एकजुटीचं.

फादर दुसऱ्या दिवशी यायचेच होते, पण फोन केल्यावर शुक्रवारीच आले. भाजीच्या टेम्पोतून, पुढे जागा नव्हती म्हणून मागे बसून. आईने मला बाहेर जायला सांगितलं. मी ओट्यावर बसले. आत काय झालं ते मला माहीत नाही आणि ते कुणी कधी सांगणार नाही. अर्ध्या तासाने दार उघडलं. आईचा चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा झाला होता. मग मला आत घेतलं आणि त्यांनी तिच्या कपाळाला आणि दोन्ही तळहातांना तेल लावलं. आई हात पुढे करून बसली होती, लहान मुलीसारखी. थोडं तेल ओघळून भुवईवर गेलं. तिने ते पुसलं नाही.

नंतर मी चहा केला. साखर घातली, तीन चमचे. एक घोट घेऊन ते म्हणाले, मला मधुमेह आहे. मागच्या वेळचा चहा अगदी योग्य होता.

आईने संध्याकाळी जेवण मागितलं, आजही मागितलं. डॉक्टर म्हणतात इंजेक्शनचा गुण. आई म्हणते, त्यांनाही बिचाऱ्यांना काहीतरी म्हणावंच लागतं.

तुला काय म्हणायचं ते मी अजून ठरवलेलं नाही. ठरल्यावर तोंडावर म्हणेन. बस सव्वाबाराला सुटते, साडेतीनला पोचते. अधिवेशनाला सांग, घरी आजारी माणूस आहे. ह्या वेळी ते खरं असेल.

ताई

---

५ मे

टेकडीवरच्या चर्चच्या माता-भगिनींनो आणि बांधवांनो,

हे पत्र मी ताईला वाचायला दिलेलं नाही. मी तुमच्यासमोर उभा आहे आणि स्वतः वाचतोय. मला कागदाशिवाय बोलता येतं हे तुम्हाला माहीत आहे. आज कागद घेतलाय, कारण कागद नसला की मी सजवून बोलतो.

तेवीस वर्षांपूर्वी माझे वडील शेवटच्या घटका मोजत होते. मला फादरांना आणायला पाठवलं. वाट कारखान्याच्या फाटकावरून जाते. पाळी सुटली होती. दोन कामगारांना काढून टाकलं होतं, म्हणून गर्दी जमली होती. कुणीतरी म्हणालं, तू दोन शब्द बोल. मी स्टुलावर चढलो. दोन शब्दांना चाळीस मिनिटं लागली. ते माझं पहिलं भाषण होतं. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. उतरलो तेव्हा पाच वाजून गेले होते. मी फादरांकडे गेलो नाही, घरी धावलो. वडील गेले होते. फादर कुठे आहेत असं विचारल्यावर मी म्हटलं, दार वाजवलं, घरी नाहीत.

त्या दिवशी त्यांच्या घराला दार नव्हतं. दुरुस्तीसाठी उतरवलं होतं. रस्त्यावरून हाक मारली असती तरी ते आले असते.

मग मी अर्ज लिहिला आणि तुम्ही सह्या केल्यात. तुमचा दोष नाही, तुम्ही माझ्या शब्दावर विश्वास ठेवलात. फादर खरं सांगत होते, पण त्यांना माझ्यासारखं गर्दीपुढे बोलता येत नव्हतं आणि मला येत होतं. एवढ्यावर त्यांचं नाव गेलं. मीही चर्चमध्ये यायचं सोडलं. लोकांना सांगितलं की माझा विश्वास उडाला. विश्वास जागेवर होता. मी त्याच्या समोर जायचं टाळत होतो.

काल चार वाजता मी पेटीत गेलो. माझी नऊ पानं घरी ठेवली होती. 'फादर' म्हणालो आणि पुढे बराच वेळ काही सुचलं नाही. तुम्ही ओट्यावर वाट बघत होता, तुम्हाला माहीत आहे किती वेळ. ते थांबले. घड्याळ बघितलं नाही. मग मी सांगितलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकदा 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, तेवीस वर्षांचं एवढंच? ते म्हणाले, ही वाटाघाट नाही. मोडलंय ते कसं जोडायचं ते तुम्हाला कळतं.

बंधूंनो, मी आयुष्यभर मागण्या केल्या. जे हक्काचं आहे ते भांडून घ्या, असं तुम्हाला शिकवलं, आणि ते आजही खरं मानतो. पण काल पहिल्यांदा असं काही मिळालं की जे भांडून मिळालं नसतं, लिहून मिळालं नसतं, चारशे बारा सह्यांनी तर मुळीच मिळालं नसतं. मी तोंड उघडलं आणि एका म्हाताऱ्या माणसाने हात वर करून मला मोकळं केलं. ज्याला मी बुडवलं होतं, त्याच्याच तोंडून देव बोलला. ह्यापेक्षा मोठं भाषण मी ऐकलेलं नाही, आणि ते एका वाक्याचं होतं.

आता हे लक्षात घ्या. पेटीत जे बोललं गेलं ते फादर मरेपर्यंत कुणाला सांगणार नाहीत. आपली बाजू साफ व्हावी म्हणूनही सांगणार नाहीत. मी तेवढ्यावर थांबलो असतो, तर माझं मन धुतलं गेलं असतं आणि त्यांचं नाव तसंच मळलेलं राहिलं असतं. मला मोकळं केलं ते दुसऱ्याला अडकवून ठेवण्यासाठी नव्हे. म्हणून हे तुमच्यासमोर वाचतोय. तुम्हाला मला जे म्हणायचं असेल ते म्हणा. ताईने काल म्हटलं, ते मी ऐकून घेतलं. तिने सुईत दोरा ओवता ओवता म्हटलं आणि एकदाही वर पाहिलं नाही.

आई मागच्या बाकावर बसली आहे. वायरमनने तिला खुर्चीसकट उचलून आणलं. तिला तेल लागलंय. तुमच्यापैकी पुष्कळांच्या आया अजून खाटेवर आहेत, आणि एक शनिवार उरला आहे. त्यानंतर कार्यालय काय ठरवील ते मला माहीत नाही, आणि मी त्यांना आणखी अर्ज लिहिणार नाही. आमचे आत्मे उपाशी आहेत असं मी तुमच्या वतीने लिहिलं. ते खोटं नव्हतं. पण उपाशी माणसाने ओट्यावर उभं राहून दुसरा कोण जेवतो हे मोजायचं नसतं.

कार्यालयाला आकडा दाखवायला येऊ नका. माझ्यासाठी येऊ नका. फादरांची कीव करून तर येऊच नका, त्यांना ती नकोय. तुमच्या पोटात जे आहे, जे सांगायला तुम्हाला इतकी वर्षं बरा माणूस सापडला नाही, तेवढं घेऊन या.

येत्या शनिवारी, अकरा तारखेला, चार वाजता या. ओट्यावर थांबू नका. एकेकाने आत जा आणि गुडघे टेका.